शिशाच्या भांड्यातली सहावी चकती

आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्र विभागाला संशोधनाची मान्यता मिळाली, तेव्हा विभागप्रमुखांनी पुढाकार घेऊन स्वतःचाच सत्कार घडवून आणला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं साग्रसंगीत. संशोधनाचा विषय काय, तर गुळाच्या ढेपेतून किरणं किती आरपार जातात. कोल्हापुरात राहून दुसरं काय सुचणार म्हणा! पण विषय वाईट नव्हता. वाईट होते ते करणारे लोक.

किरणांसाठी मुंबईच्या सरकारी अणुकेंद्राकडून सहा चकत्या मागवल्या होत्या. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठ्या, लाल प्लॅस्टिकमध्ये पक्क्या बंद केलेल्या, आणि आत किरणोत्सारी पदार्थाचा मोहरीएवढा कण. त्या ठेवायला शिशाचं जाड भांडं, त्यावर शिशाचंच झाकण, भांडं लोखंडी कपाटात आणि कपाट जिन्याखालच्या कुलूपबंद खोलीत. चकत्या म्हणजे काही बॉम्ब नव्हते. पाच मिनिटं हातात धरली तर कुणी मरत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना सांगायची. पण अंगाजवळ बाळगायची वस्तू ती नव्हे. नियम साधा होता: प्रत्येक चकती या क्षणी कुठं आहे, हे कुणाला तरी नक्की माहीत पाहिजे. एवढंच. आणि नेमकं एवढंच आमच्याकडं कुणाला जमत नव्हतं.

मी तिथं प्रयोगशाळा सहायक होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. खोलीची किल्ली आणि नोंदवही माझ्या नावावर होती, कारण प्राध्यापकांपैकी एकानंही ती जबाबदारी घेतली नव्हती. कपाटाला दोन कुलपं हवीत, दोन किल्ल्या दोन माणसांकडं हव्यात, असा लेखी नियम होता. आमच्या साहेबांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला अडकवल्या. "अहो बाई, कशाला दोघांना त्रास?" म्हणाले. केवढी ती काळजी!

खोलीच्या दारावर पिवळी पाटी होती, तिच्यावर किरणोत्साराची तीन पात्यांची खूण. खाली मराठीत 'धोका' लिहायला सांगितलं होतं, पण पेंटर ते विसरला आणि साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. मग झालं काय, तर अख्ख्या कॉलेजनं त्या खुणेचा अर्थ पंखा असा घेतला. बंद पडलेला पंखा दिसला की शिपाई आणून आमच्या दारात टेकवायचे. एकदा ग्रंथालयातून चार पंखे आले आणि वर चिठ्ठी, 'दुरुस्त करून लवकर परत पाठवणे'. मी ती चिठ्ठी घेऊन साहेबांकडं गेले, तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, ठेवून घ्या, जागा आहे ना! पदवी भौतिकशास्त्राची, आणि अक्कल बघा. अडगळ वाढत गेली. पंखे आले, श्रमदानाची खोरी आली, गॅदरिंगचे बॅनर आले, आणि या सगळ्याच्या मागं ते कपाट.

त्या विभागात नियम वाचलेला माणूस एकच होता, आमचा शिपाई. कोडोलीचा, तिशी ओलांडलेला, बौद्ध कुटुंबातला. रोज पहिल्या एस.टी.नं यायचा. मुंबईहून आलेला नियमांचा मराठी कागद त्यानं दोनदा वाचला आणि मग स्वतःच खळ लावून दाराच्या आतल्या बाजूनं चिकटवला. रोज संध्याकाळी मी भांडं उघडायची, तो दोन हात लांब उभा राहून चकत्या मोजायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "सा हायत, बाई." मी नोंदवहीत सही करायची. गूळ तपासून झाल्यावर संशोधक मंडळी त्याच खोलीत तो गूळ शेंगांबरोबर खात बसायची. तेव्हा तो दारात उभा राहून म्हणायचा, "सायेब, हितं खायाचं न्हाय, कागदावर लिवलंय." ती मंडळी त्याच्या तोंडावर हसायची. गूळ किरणोत्सारी होत नाही, हे त्यांना माहीत होतं. मग नियम कशासाठी असतो, हे त्यांना कळत नव्हतं. त्याला कळत होतं.

सात वर्षं तो हंगामी होता. त्याला कायम करायचा कागद त्या वर्षी दिवाळीनंतर संस्थेच्या समितीपुढं जाणार होता. फाईल स्वच्छ होती. एक जरी मेमो लागला तर कागद परत येणार आणि दुसऱ्यांदा जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोनं तर कोडोलीत चार घरी सांगूनही टाकलं होतं. तो मला म्हणायचा, "बाई, एवढं झालं की सुटलो बघा." दुसरं काही त्यानं कधी मागितलं नाही.

आणि आली खंडेनवमी.

त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची, अवजारांची पूजा. शेतकरी नांगर पुजतो, गवंडी थापी पुजतो, आम्ही व्होल्टमीटर पुजायचो. त्याला माझी ना नाही. मीही सकाळी घरी विळी-कात्री पुजूनच निघाले होते. पण संस्थेचे अध्यक्ष त्या दिवशी सगळ्या विभागांतून चक्कर मारायचे, आणि आदल्या वर्षी ते रसायनशास्त्राच्या पूजेपुढं पाच मिनिटं थांबले होते, आमच्यापुढं अर्धं मिनिट. हे साहेबांच्या वर्षभर डोक्यात बसलं होतं. संशोधन जगात कुठं पोचलं याची फिकीर नाही, रसायनवाल्यांच्या टेबलावर झेंडू किती याची सगळी माहिती!

"बाई, अणूची वस्तू काढा," ते म्हणाले. "मधोमध ठेवू. रसायनवाल्यांकडं आहे का तसलं?"

मी म्हटलं, "साहेब, ती प्रयोगाशिवाय बाहेर काढायची नाही."

"पूजा आहे हो, चेष्टा नव्हे!"

शिपाई दारातच होता. तो म्हणाला, "सायेब, कागदावर न्हाई म्हटलंय की."

"तुला कुणी विचारलं? तुला पूजेतलं काय कळतंय?"

तो दारातून बाजूला झाला. त्याच्या घरी देव पुजत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ते असं हत्यारासारखं वापरताना आमच्या उच्चविद्याविभूषित साहेबांना काडीची लाज वाटली नाही. मी काय केलं? किल्ली काढून दिली. ओठावर आलेलं गिळलं आणि किल्ली दिली.

शिशाचं भांडं काळवंडलेलं होतं. ते उठून दिसेना, म्हणून एका संशोधक विद्यार्थ्यानं चकत्या बाहेर काढून भांडं चिंच आणि राख लावून घासलं. पीएच.डी. करणारा प्राणी! शिसं चकाकतंय का ते बघत बसला आणि चकत्या तोवर टेबलावर उघड्या. मग त्याला आणखी एक सुचलं. टेबलावर सहा विडे मांडले होते, दोन पानं, वर सुपारी, वर नाणं. नाणी आणायची राहिली होती. त्यानं प्रत्येक विड्यावर नाण्याच्या जागी एकेक चकती ठेवली. वर हळद, कुंकू, अक्षता. साहेब बघून खूश. "छान! शास्त्र आणि परंपरा!" म्हणाले.

अध्यक्ष आले, हात जोडले, "हे काय?" म्हणाले. साहेब म्हणाले, "अणुशक्ती." अध्यक्ष पुन्हा हात जोडून पुढं गेले. साहेबांनी घड्याळ लावून बघितलं, दीड मिनिट. एवढ्यासाठी सगळा खटाटोप. शिपाई सबंध पूजेत बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्यानं टेबलाला बोटसुद्धा लावलं नाही. आवराआवर त्या विद्यार्थ्यानं केली, भांड्याला झाकण लावून माझ्या हातात दिलं, "सगळं आत आहे" म्हणाला, आणि दसऱ्याची सुट्टी लागली म्हणून पळाला. मी न मोजता कपाटात ठेवलं. साहेबांनी स्कूटर काढून आटपा म्हणून हाक मारली होती आणि मला विभागाला कुलूप लावायचं होतं. मी मोजलं नाही. हे माझं, दुसऱ्या कुणाचं नाही.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच संध्याकाळी भांडं उघडलं. चकत्यांना कुंकू लागलेलं. शिपाई वाकून बघत राहिला, दोनदा बोट हवेत नाचवलं.

"बाई, पाचच हायत."

"नीट बघ."

"पाच हायत, बाई. एक न्हाय."

तो गप्प बसला असता तर मुंबईची तपासणी येईपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. पण त्याला गप्प बसता येत नव्हतं. तो माझ्याबरोबर साहेबांकडं आला आणि त्यानंच तोंडानं सांगितलं.

साहेब क्षणभर पांढरे पडले. मग त्यांनी मला एकटीला थांबवलं. "किल्ली तुमच्या नावावर," ते म्हणाले, "सही तुमची. तुम्ही सांगा, कुणाचं नाव लिहायचं? तुमचं की त्याचं? तो पूजेला नव्हता. बाहेर काय करत होता? मनात राग धरून कुणी काहीही करतं."

"तो टेबलाजवळ आलाच नाही, साहेब."

"मग तुम्ही आलात."

मी कायम होते. माझी दोन मुलं शिकत होती. हे आता कारण म्हणून सांगतेय, तेव्हा तेवढंही मनात नीट आलं नव्हतं. तेव्हा फक्त भीती वाटली. साहेबांनी सांगितलं आणि मी नोंदवहीत लिहिलं. दोन ओळी. 'शिपायाच्या हलगर्जीपणामुळे एक चकती गहाळ. संबंधितास मेमो देण्यात येत आहे.' अक्षर माझं, सुंदर. शाळेत सुलेखनात बक्षीस मिळालं होतं मला.

त्यानं मेमो घेतला आणि वाचला. "बाई, ह्ये तुमी लिवलंयसा?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "चकती सापडली की मागं घेऊ." त्यानं मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर, काय करायचं!

मग आम्ही दोघं शोधत फिरलो. किरणं मोजायचं यंत्र होतं, चकती जवळ आली की ते टकटक करतं. ते पिशवीत घालून कॉलेजमागचा कचरा बघितला, पूजेचे पाट बघितले, झाडूसुद्धा बघितला. निर्माल्य त्या विद्यार्थ्यानं पंचगंगेवर नेऊन टाकलं होतं, म्हणून घाटावर गेलो. यंत्राची आपली मधूनच एखादी टक. पिशवीत रेडिओ आहे असं वाटून एक म्हातारा हटकून म्हणाला, "ओ बाई, स्कोर काय झाला?" शिपाई हसला नाही. वाकून वाकून पायऱ्यांच्या भेगांत बघत होता. तीन दिवस आम्ही घाटावर गेलो. कॉलेजात एकच जागा आम्ही बघितली नाही, साहेबांची केबिन. साहेबांच्या केबिनमध्ये यंत्र घेऊन कोण जाणार! ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

दिवाळीनंतर समिती बसली. मेमो बघितला, कागद परत आला. त्याच महिन्याच्या शेवटी त्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. जाताना त्यानं दाराच्या आतला नियमांचा कागद सुटत आलेला बघून परत खळीनं चिकटवला.

आता पुढची गंमत ऐका. किरणांजवळ काम करणाऱ्यांना छातीला लावायचे बॅज मिळायचे. कुणाच्या अंगावर किती किरणं पडली ते त्यावरून कळतं. दर तीन महिन्यांनी ते मुंबईला तपासायला जायचे. मला एक, संशोधकांना एकेक, साहेबांना एक. शिपायाला नाही, शिपायाला कसला बॅज! साहेब तो कधी लावायचे नाहीत, पिनेनं सफारीला भोक पडतं म्हणून. टेबलाच्या वरच्या खणात असायचा. नवीन वर्षात मुंबईहून अहवाल आला. आम्हा सगळ्यांचे आकडे नेहमीसारखे, काहीच नाही. आणि जो माणूस प्रयोगशाळेत वर्षातून चारदा यायचा, त्या साहेबांचा आकडा सगळ्यांत मोठा! सोबत पत्र, एवढा आकडा कशामुळं, खुलासा करा.

ते पत्र वाचलं आणि मला तो टेबलाचा खण आठवला. साहेब मीटिंगला गेले होते. मी यंत्र उचललं आणि केबिनमध्ये शिरले. दारातच टकटक वाढली. खुर्चीजवळ गेले तर यंत्र नुसतं कडकडायला लागलं. वरचा खण ओढला. बॅज, पानाचा डबा, आणि त्याला लागून लाल कापडाची पुरचुंडी. सोडली. सुकलेली पानं, सुपारी, आणि कुंकवानं माखलेली सहावी चकती.

पहिल्या विड्याची सुपारी आणि नाणं बरकतीचं म्हणून जवळ ठेवायचं, ही त्यांची दर वर्षाची रीत. स्वतःच्या हातानं बांधून स्वतःच्या खणात ठेवलं होतं. भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख! विड्यांवर चकत्या बघून स्वतःच 'छान' म्हणालेला हा माणूस, सवयीनं विडा बांधताना वर काय आहे ते बघायला चष्मा पुसायची तसदी घेतली नाही, आणि तीन महिने पोटाशी घेऊन बसला. मी त्या रिकाम्या केबिनमध्ये मोठ्यानं हसले. मग रडू आलं.

साहेब आले. मी पुरचुंडी पुढं ठेवली. त्यांनी बघितली, दार लावलं आणि म्हणाले, "म्हणजे वस्तू माझ्याच ताब्यात होती. सुरक्षितच होती की मग." मुंबईला त्यांनी तेच कळवलं, विभागप्रमुखांच्या वैयक्तिक देखरेखीखाली सुरक्षित. मी म्हटलं, "साहेब, त्या शिपायाचं? ती नोंद खोडू या, मेमो मागं घेऊ या." तर हा माणूस मला म्हणतो, "नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, बाई. नियम आहे." उभ्या जन्मात पाळलेला एकच नियम! "सापडली एवढं लिहा खाली."

मी खाली लिहिलं, 'सापडली.' कुठं, कुणाकडं, कशी, काही नाही. मला कुणी हात धरून अडवलं नव्हतं. पाच मिनिटं लागली असती.

साहेब सन्मानानं निवृत्त झाले. पुन्हा शाल, पुन्हा फेटा. पुढं काही वर्षांनी, नवं शतक लागून बराच काळ झाल्यावर, गुळाचं संशोधन बंद पडलं आणि चकत्या कायमच्या परत न्यायला मुंबईहून दोन तरुण मुलं आली. चिमट्यानं एकेक उचलली, मोजली, पेटीत सील केली. नोंदवही चाळताना एकजण त्या दोन ओळींवर थांबला. "मॅडम, ह्या कर्मचाऱ्याचं पुढं काय झालं?" असं कुणी मला पहिल्यांदाच विचारत होतं. मी म्हटलं, "ती नोंद खोटी आहे. मी लिहिलीय." त्या पोरानं वही मिटून माझ्या हातात दिली.

त्या रात्री मी सगळं लिहून काढलं. पूजा, विडे, पुरचुंडी, किल्ली, न मोजता ठेवलेलं भांडं. खाली सही केली, एक प्रत संस्थेला दिली आणि दुसरी घेऊन रविवारी कोडोलीला गेले. एस.टी. स्टँडजवळ त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं. डोक्याचे केस पांढरे झाले होते. मला बघून उठला, फडक्यानं स्टूल पुसलं. "या बाई. कवा आलासा?" चहा मागवला. मी कागद दिला. हात काळे म्हणून त्यानं तो दोन बोटांत धरून सबंध वाचला.

"तवा किती वळी लिवल्या हुत्यासा?"

"दोन."

"आन् आता पानभर." त्यानं कागद घडी घालून परत माझ्या हातात दिला. "ऱ्हाऊ दे बाई. ह्ये ठिवायला माझ्याकडं जागा न्हाय."

मी कागद पिशवीत ठेवला. दिवेलागण व्हायला आली होती, तो दुकान आवरायला लागला. मागं फळीवर पान्यांचे आकार रंगवलेले होते, प्रत्येकाची जागा ठरलेली. तो एकेक पुसून जागेवर अडकवत होता आणि मोजत होता. "अकरा," म्हणाला आणि थांबला. एक जागा रिकामी होती. शेजारी त्याचा मुलगा टायर आत घेत होता. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, मी तर दुकानासमोर स्टुलावरच होते. त्यानं आमच्यापैकी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या खिशात हात घातला. पाना खिशातच होता.

"बारा हायत," तो म्हणाला, आणि त्यानं शटर खाली ओढलं.